काचा बंद होत्या

डॅशबोर्डवरचा खण आधी रिकामा करायचा, मग त्याच्या दोन्ही बाजू आत दाबायच्या. खण खाली लोंबतो आणि मागे एक लांबट झाकण दिसतं. त्या झाकणाआड घड्याघड्यांची एक चौकट असते आणि गाडीत येणारी हवा तिच्यातून गाळून येते. हा केबिन एअर फिल्टर. आमच्याकडच्या गॅरेजांत त्याला एसीचा फिल्टरच म्हणतात. माझ्या गाडीत तो आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही मी त्याच्या बाबतीत चुकतच गेले. त्यातल्या बऱ्याच चुकांचा त्रास मला झाला नाही, माझ्या सासूबाईंना झाला. त्यांना दमा आहे. म्हणून हे सगळं जसं घडलं तसं लिहिते आहे.

मी कामशेतला राहते आणि लोणावळ्यातल्या एका शाळेत शिकवते. रोजचा रस्ता जुन्या हायवेचा. कार्ला फाटा, वाकसई, वलवण. सासूबाईंना, म्हणजे आईंना, डॉक्टरांकडे न्यायचं तेही याच गाडीतून. माझं माहेर पवन मावळात, त्यामुळे सुट्टी लागली की पवनानगरच्या बाजूला जाणं ठरलेलं. गाडी आम्ही वापरलेली घेतली होती. घेताना इंजिन पाहिलं, टायर पाहिले, कागदपत्रं तपासली. आत बसल्यावर आपण जी हवा घेणार ती कुठून येते, हे पाहायचं असतं असं मनातही आलं नाही.

काचा बंद केल्या की धूळ बाहेर राहते, अशी माझी पक्की समजूत होती. आणि मावळात धुळीला तोटा नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावर एमआयडीसीचे कंटेनर, डोंगराच्या कडेला खडीक्रशर, कुसगावच्या बाजूला तेव्हा चालू असलेल्या एक्सप्रेस वेच्या मिसिंग लिंकच्या बोगद्यांच्या कामावरचे डंपर. समोर ट्रक आला की मी काचा वर करायची, एसी लावायची आणि आतली हवा आतच फिरवणारं बटण दाबायची. एकदा दाबलेलं ते बटण मग महिनोन्महिने तसंच राहायचं. आईंना म्हणायची, "आता धूळ आत येत नाही, निवांत बसा."

हवेची वाट नेमकी कशी असते ते मी खूप नंतर समजून घेतलं. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपर जिथे बसवलेले असतात तिथे, एक काळी जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत शिरते. आतली हवा फिरवायचं बटण दाबलं की ही वाट बंद होते आणि ब्लोअर गाडीतलीच हवा पुन्हा पुन्हा ओढतो. बहुतेक गाड्यांत दोन्हीकडची हवा त्याच एका फिल्टरमधून जाते, पुढे एसीच्या कूलिंग कॉईलवरून वाहते आणि मग आपल्या तोंडावर येते. फिल्टर तुंबलेला असेल तर बटण कुठलंही दाबा, त्या घाणीतून कशीबशी सुटलेली हवाच आपण घेत असतो.

एका उन्हाळ्यात एसी मंदावला. ब्लोअर चारवर ठेवला तरी आवाज मोठा आणि हवा अगदी झुळूकभर. गॅरेजमध्ये जाऊन मी काय होतंय ते सांगितलंच नाही, काय करायचं तेच सांगितलं: गॅस संपलाय, भरून द्या. त्यांनी भरून दिला. हवा होती तेवढीच राहिली. गॅस कमी झाला असता तर हवा भरपूर आली असती, फक्त ती गार नसती. माझ्याकडे उलट होतं. येत होती ती गारच होती, पण येतच नव्हती. एवढा फरक ओळखला असता तर पैसे वाचले असते आणि त्यापुढचा पावसाळाही वेगळा गेला असता.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या वडगावात त्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे जुलैत कामशेतहून भुरभुर पावसात निघालेली गाडी वलवणला पोचेपर्यंत वायपर पूर्ण वेगाने फिरत असतात, आणि खंडाळ्यात ढग रस्त्यावरच उतरलेले असतात. अशा दिवसांत खोपोलीला नणंदेकडे बारसं होतं. संध्याकाळी आम्ही पाच जणं निघालो. ओल्या छत्र्या पायाशी, पदर भिजलेले, बटण नेहमीप्रमाणे आतल्या हवेवर. बोरघाट उतरायला लागलो आणि पुढच्या काचेवर आतून वाफ धरली. ब्लोअर काचेकडे वळवला, पण काचेपर्यंत हवा पोचेचना. नवऱ्याने फडक्याने पुसावं आणि पुसलेली जागा पुढच्या वळणाआधी पुन्हा पांढरी व्हावी. समोरच्या ट्रकचे लाल दिवे पसरून एकच डाग झाले होते. थांबायला जागा मिळेपर्यंत मी काच खाली करून, पाऊस अंगावर घेत, उजवीकडच्या कठड्याचा अंदाज धरून गाडी चालवली. मागे आईंचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. माझ्या हातात त्या दिवशी पाच माणसांचे जीव होते, आणि तो धोका पावसाने आणला नव्हता. तो मी आणला होता.

का, ते सांगते. पाच माणसांच्या श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ बाहेर जायला वाटच नव्हती, कारण बाहेरच्या हवेचा रस्ता मी बंद करून ठेवला होता. पावसाने गार पडलेल्या काचेवर ती वाफ बसत होती. अशा वेळी एसी चालू ठेवायचा आणि बाहेरची हवा घ्यायची. हवेतली ओल कूलिंग कॉईलवर पाणी होऊन नळीने गाडीखाली गळते आणि काचेवर कोरडी हवा येते. पण ती जोरात यायला हवी, आणि माझा फिल्टर ती येऊ देत नव्हता. आईंचा जीव घाबरा झाला त्यालाही नुसता दमा कारण नसावा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असतो. चार-पाच माणसं बसलेल्या गाडीत तीच ती हवा फिरवत राहिलं तर पंधरा-वीस मिनिटांत हा आकडा दोन हजारांच्या पुढे जातो. डोकं जड होतं, झापड येते. चालवणाऱ्यालाही येते. आता मी ते बटण फक्त धुरकट ट्रकमागे किंवा एक्सप्रेस वेवरच्या कामशेत बोगद्यात दाबते आणि बाहेर पडलं की आठवणीने काढते. काचेवर बाहेरून वाफ धरली असेल तर मात्र दुखणं वेगळं: काचेवर येणारा आतला गारवा कमी करायचा आणि वायपर मारायचा.

त्या घाटानंतर कामशेतमधल्या एका मेकॅनिककाकांनी खण उतरवून फिल्टर बाहेर काढला. मूळचा पांढरा कागदासारखा थर जुन्या गोधडीतल्या कापसासारखा काळा, गोळा झालेला होता. घड्यांत जांभळाची सुकी पानं, माश्यांचे पंख, भाताचं तूस. "ताई, हा बदललाच नाही ना कधी?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. पहिल्या मालकाने बदलला होता की नाही हेही मी कधी विचारलं नव्हतं.

इथपर्यंतचं अज्ञान होतं. पुढची चूक मी डोळ्यांदेखत केली. नवा फिल्टर मागवायला दोन-तीन दिवस लागतील म्हणाले. काका म्हणाले, तोवर तसाच चालवा, पण धुऊ नका. मी ऐकलं नाही. कुठलीही वस्तू टाकण्याआधी धुऊन पाहायची सवय. घरी आणला, साबणाच्या पाण्यात बुडवला, नळाखाली धरला. काळं पाणी निघालं तसं समाधानही वाटलं. रात्रभर पंख्याखाली ठेवला. जुलैतल्या कामशेतला रात्रीत रुमाल वाळत नाही, तिथे घड्याघड्यांचा जाड थर कसला वाळणार? वरून कोरडा लागला म्हणून सकाळी बसवला आणि शाळेत गेले. हवा जोरात येऊ लागली होती, मग नवा आणायची घाईही राहिली नाही.

या फिल्टरचे धागे बारीक प्लास्टिकचे असतात आणि त्यांच्यावर विजेचा स्थिर भार दिलेला असतो. धाग्यांमधल्या फटींतून सहज निसटतील असे कणही त्या भारामुळे धाग्याला चिकटतात. साबण आणि पाणी हा भार उतरवतात. फिल्टर दिसायला स्वच्छ होतो आणि कामातून जातो. कॉम्प्रेसरची हवा मारणंही धोक्याचंच, जोराने थर फाटतो. जाळीचे किंवा स्पंजचे धुता येणारे फिल्टर काही गाड्यांत असतात, तसं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. माझ्या फिल्टरवर तसं काही लिहिलेलं नव्हतं. त्यात तो आतून ओला. ओल, अंधार आणि पानांचा उरलेला चुरा. बुरशीला आणखी काय हवं? आठवड्याभरात गाडीत बंद माजघराचा कुबट वास यायला लागला. मी उपाय म्हणून व्हेंटवर अडकवायची परफ्यूमची बाटली आणली. दमेकऱ्याला उग्र सुगंध सोसत नाही, हे ठाऊक असून.

आईंचा खोकला श्रावणात वाढला. डॉक्टरांनी विचारलं, धुळीत किंवा ओलीत कुठे बसणं होतं का? उत्तर मीच दिलं: नाही, सगळीकडे गाडीनेच नेतो, काचा बंद असतात. डॉक्टरांनी मला हातानेच थांबवलं आणि आईंना विचारलं, "गाडीत बसल्यावर वाढतो का?" आई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वाढतो. वास घशात जातो. पण ही एवढी पुसून-धुऊन ठेवते गाडी, तिला काय सांगायचं?"

त्या वाक्याने मला जे वाटलं ते अजून वाटतं. मी आईंना शाल घ्यायला सांगत होते, पंप घेतलात का विचारत होते, आणि ज्या जागेत त्यांना सर्वांत सुरक्षित समजत होते तिथेच त्या श्वास चोरून बसत होत्या. माझं मन दुखू नये म्हणून. दम्याचा सगळा भार मी फिल्टरवर टाकणार नाही. मावळात पावसाळ्यात घरांच्या भिंतींनाही बुरशी धरते, आमच्याही धरते. पण भिंतीची बुरशी आपोआप आली होती. गाडीतली ओली चौकट माझ्या हाताने बसवलेली होती.

त्या दिवशी घरी पोचताच परफ्यूम आणि फिल्टर दोन्ही काढून टाकलं. कूलिंग कॉईल मेकॅनिककडून फेस मारून साफ करून घेतली, कारण फिल्टर बदलला तरी कॉईलवर बसलेली बुरशी वास सोडत राहते. कॉईल थंड असते तोवर तिच्यावर पाणी धरतं. तशीच ओली सोडून गाडी बंद केली की बुरशीला रात्र मिळते. आता घर दोनेक किलोमीटरवर आलं की मी एसी बंद करते आणि नुसता ब्लोअर चालू ठेवते. कॉईल वाळते. कुठल्याही फवाऱ्यापेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

नवा फिल्टर घ्यायला तळेगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात स्वतः गेले. तेव्हा तीन-चारशे रुपयांपासून पुढे मिळत होते. साधा पांढरा फिल्टर रस्त्याची धूळ आणि परागकण अडवतो. करड्या-काळ्या रंगाच्या फिल्टरात सक्रिय कोळशाचा थर असतो, तो वास आणि काही वायू शोषतो. काही खोक्यांवर पीएम २.५ असं ठळक छापलेलं असतं. म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. फुफ्फुसात खोलवर जातात ते हेच बारीक कण. हवेत त्यांचं प्रमाण वर्षाच्या सरासरीने घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत असावं असं आपलं २००९ चं मानक सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा ५ वर आणली. दुकानात उभं राहून मला या दोन आकड्यांमधलं अंतर आईंच्या छातीत दिसलं.

मी कोळशाचा घेतला, आणि त्यामागे माहेरची आठवण होती. पावसाच्या आधी पवन मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर जमिनीवर पसरून जाळायचे. तणाचं बी जळतं, जमीन तापते, रोप जोमदार येतं. लहानपणापासून मला तो धूर आवडतो आणि भावाला राब भाजू नको असं मी कधीच सांगणार नाही. पण पवनानगरच्या रस्त्याने जाताना तोच धूर गाडीत शिरला की आईंना रुमाल नाकाला लावावा लागतो. कोळशाच्या थराने तो वास बराच कमी होतो. एक मात्र नीट सांगायला हवं: धुरातला आणि इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा फिल्टर अडवत नाही. बंद जागेत गाडी चालू ठेवून बसणं कुठल्याही फिल्टरने सुरक्षित होत नाही.

बसवतानाही चुकले. चौकटीच्या कडेवर बाण छापलेला असतो, हवा कुठल्या दिशेने वाहते ते दाखवणारा. मी तो पाहिला नाही आणि फिल्टर उलटा घातला. पहिल्यांदा आणलेला तर मापाने किंचित लहान होता. बाजूच्या फटीतून हवा न गाळता सरळ आत जात होती. चौकट कडेला घट्ट बसली पाहिजे, वाकवून कोंबलेली नसावी. गाडीचं मॉडेल आणि वर्ष दोन्ही सांगितल्याशिवाय फिल्टर घेऊ नये.

पुढचा धडा शाळेच्या आवारातल्या जांभळाने दिला. सावली म्हणून वर्षानुवर्षं गाडी त्याच्याखाली लावत होते. पानं, फुलांचा चुरा वायपरखालच्या जाळीत साठत गेला आणि तिथलं पाणी वाहून जायचं भोक बुजलं. एका धो धो रात्रीनंतर डावीकडची सतरंजी भिजून थबथबलेली आणि नवा कोरा फिल्टर खालून ओला. आता ती जाळी हाताने साफ करणं आठवड्याचं काम आहे.

आणि उंदीर. दिवाळीत माहेरी गेलो की गाडी पडवीलगत, मळणी चालू असते तिथेच उभी करायची. परतल्यावर ब्लोअरमधून खरखर आली. खण काढला तर फिल्टर कुरतडून त्यात घरटं केलेलं, आत इंद्रायणी भाताच्या लोंब्या आणि पोत्याचे धागे. मी उघड्या हातांनी ते उपसलं, वर ब्लोअर फुल चालवून उरलेलं उडवलं. हे कुणीही करू नये. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. हातमोजे आणि मास्क घालायचा, आधी जंतुनाशक शिंपडून सगळं ओलं करायचं, मग पुसून काढायचं. फिल्टर धुण्याचा प्रश्नच नाही, टाकायचा. हवा आत घेणाऱ्या तोंडाला मेकॅनिकने तारेची बारीक जाळी बसवून दिली, तेव्हापासून उंदीर आलेला नाही.

गाडीच्या पुस्तिकेत फिल्टर बदलायचा हिशोब किलोमीटरमध्ये दिलेला असतो. साधारण दहा ते वीस हजार किंवा वर्ष, धुळीच्या भागात त्याआधी. मावळाला हा हिशोब पुरत नाही असं माझं स्पष्ट मत झालं आहे. इथे उन्हाळाभर क्रशरची आणि रस्त्याची धूळ, त्यावर राबाचा धूर, आणि या सगळ्याने भरलेल्या फिल्टरवर मग सलग चार महिन्यांची ओल. भरलेला फिल्टर ओला होणं हे सर्वांत वाईट. म्हणून मी नवा फिल्टर मृगाच्या आधी घालते, मग किलोमीटर कितीही झालेले असोत. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूची माळ घालतोच, त्याच्या आदल्या दिवशी खण उतरवून पाहते. कुबट वास किंवा काळे ठिपके दिसले तर पुन्हा नवा. एका डॉक्टरांच्या फेरीपेक्षा तो स्वस्त पडतो. मागच्या श्रावणात आई मागच्या सीटवर बसून कार्ल्यापर्यंत गप्पा मारत आल्या, मध्ये एकदाही थांबल्या नाहीत.

यंदा जूनमध्ये शाळेच्या फाटकाशी उभी असताना एका व्हॅनच्या काचा आतून पांढऱ्या झालेल्या दिसल्या. आत दाटीवाटीने मुलं, आणि चालवणारे दादा बाहीने काच पुसताहेत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या परवानगीने खण उतरवून पाहिला. फिल्टरच नव्हता. काही स्वस्त गाड्यांत कारखान्यातून फिल्टर येतच नाही. जागा केलेली असते आणि तिच्यावर प्लास्टिकचं झाकण ठोकलेलं असतं. दादा म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं चालवतोय, इथे काही घालायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही." मलाही कुणी सांगितलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं. आधी काचेचं पाहिलं. बटण बाहेरच्या हवेवर आणून एसी लावून दाखवला, काच साफ होताना त्यांनी स्वतः पाहिली. पालकसभेत मी आईंची गोष्ट सांगितली. एसी असलेल्या सगळ्या व्हॅनना फिल्टर बसवायचं ठरलं, खर्च पालकांनी वाटून घेतला. दोन व्हॅनच्या मापाचे लोणावळ्यात मिळाले नाहीत. ते तळेगावच्या दुकानात सांगून ठेवलेत, शनिवारी शाळा सुटली की मी आणि दादा आणायला जाणार आहोत.